तात्या दार ढकलत नाहीत

“ढकलणार नाही म्हणजे नाही. उद्या तुम्ही मला सोन्याची किल्ली घडवून दिलीत तरी नाही.”

“अहो तात्या, खोटं दार आहे ते! फळ्या ठोकून उभं केलंय. मागे खोली नाही, भिंत नाही, काही नाही. या, मागून बघून घ्या.”

“मग तर मुळीच नाही. खऱ्या दाराला निदान मालक तरी असतो. याचा मालक कोण? त्याला बोलवा, तो ढकलेल.”

“मालक मीच!”

“मग ढकला की. मी कुठं हात धरलाय तुमचा?”

“मला माझा हात नकोय हो पडद्यावर! तुमचा हवाय!”

“हात दिला ना? कुलूप उघडलं ना? आता दिव्यांचा उजेड बाजूला घ्या, डोळ्यांत पाणी यायला लागलंय.”

हातात भोंगा धरून डोकं धरायला हात न उरलेला तो दाढीवाला सिनेमा काढत होता, आणि हे तात्या आमच्या गल्लीतले कुलूपवाले. गल्ली त्यांना कुलूपतात्या म्हणायची. दुकान म्हणजे तीन मजली घराच्या जिन्याखालची तिरकी जागा. आत शिरताना वाकायचं, बसल्यावर वाकूनच राहायचं, आणि निघताना विसरून डोकं आपटायचं. कुलपांचं दुकान, पण त्याला दार नव्हतं, नुसता पडदा. कुणी हसलं तर तात्या म्हणायचे, “चोर नेणार काय? किल्ल्या? नेऊ दे. त्यांची कुलपं शोधता शोधता म्हातारा होईल.”

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा ही बघण्यासारखी चीज. लहानपणी बापाच्या हातोडीखाली सापडला आणि नख मधोमध दुभंगून वाढलं, अगदी बैलाच्या खुरासारखं. त्या फटीत तारेचा आकडा असा चपखल बसायचा की कुलपाला वाटावं, घरचंच माणूस आलंय. दाढीवाल्याने गल्लीत हिंडताना तो अंगठा पाहिला आणि तिथेच हरखला. त्याच्या नटाचे हात म्हणे लोण्याच्या गोळ्यासारखे. कुलूप उघडायला गेला की कुलपालाच त्याची दया यायची.

बापाकडून तात्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक तो अंगठा आणि दुसरा नेम. कुलूप आपलं, दार मालकाचं. कुलूप उघडलं की दाराकडे पाठ करून उभं राहायचं. ढकलायचं मालकाने, आत जायचं मालकाने. आपण मागे वळून बघायचंसुद्धा नाही. कारण आत काय आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ते कधी ना कधी तोंडावाटे बाहेर पडतं, आणि तोंडाला बसेल असं कुलूप अजून कुणी घडवलेलं नाही. बाप हे सांगायचा, तात्या हे पाळायचे. बायको कधी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं कुलूप उघडायला सांगायची, तर तिथेही हा गृहस्थ पाठ करून उभा. “अहो, आत डबे आहेत, राजवाडा नाही!” ती म्हणायची. “असतील डबे. तुझे आहेत ते,” तात्या भिंतीकडे बघून म्हणायचे.

तर अशा माणसाला दाढीवाल्याने सांगितलं, कुलूप उघडा आणि दार हळूच आत ढकला. माणूस चुकीचा गाठला होता, दुसरं काय! दुपार सरली, दिवेवाले जांभया द्यायला लागले, दाढीवाल्याने विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, शेवटी भोंगा आपटला आणि म्हणाला, “राहू दे! जेवढं झालं तेवढंच घेऊ!”

आता या सिनेमात होतं काय, तेही सांगायला हवं. एक कारकून असतो. एकटा. रोज संध्याकाळी घरी येतो तर एखादी वस्तू जागची हललेली असते. आज कपाचा कान उलट्या बाजूला, उद्या चपलांची डावी उजवीकडे. चोरी काही नाही, नुसतं हललेलं. तो शेजाऱ्यांना सांगतो, साहेबाला सांगतो. जो तो म्हणतो, बाबा रे, तुला विश्रांती हवी. हळूहळू त्याला सगळ्यांचाच संशय येतो, आणि शेवटी स्वतःचाही. अखेरीस तो घरात खुर्ची दाराकडे करून बसतो. बाहेर खुरासारखा दुभंगलेला एक अंगठा कुलपाशी खुडबुडतो. खट. कुलूप उघडतं. आणि दार... उघडतच नाही. कारकून बघतोय, आपण बघतोय, दार तसंच. पडदा काळा. संपला सिनेमा. जा घरी.

त्या दिवसांत असल्या गोष्टी पडद्यावरच होत होत्या असंही नाही. लोक हळू बोलायचे. वर्तमानपत्रात मधेच कोऱ्या जागा यायच्या आणि लोक त्याच जास्त लक्षपूर्वक वाचायचे. मागच्या गल्लीतल्या छापखानेवाल्याला चौकशीला नेलं, चार दिवसांनी परत सोडलं, आणि तेव्हापासून तो माणूस फक्त हवेवर बोलायचा. “आज उकडतंय.” बस. त्यामुळे त्या न उघडलेल्या दाराने लोकांच्या काळजालाच हात घातला. कोण होता बाहेर? का नाही आला आत? थांबलाय कशासाठी? सिनेमावर लिहिणाऱ्या एकाने त्या दारावर अर्धं पान खर्च केलं. हे दार म्हणजे सत्ता आहे, ती आत येत नाही, ती फक्त येऊ शकते हे आपल्याला कळवते, असं काहीबाही. तात्यांना कुणीतरी ते वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, “हा दारावर एवढं बोलला, कुलपावर एक अक्षर नाही. परदेशी बनावटीचं होतं ते.”

पण खरा घोटाळा तात्यांनी स्वतःच केला. सिनेमा लागला त्या पहिल्याच खेळाला बायकोला घेऊन गेले. गल्लीतली अर्धी माणसं तिथे होती. तात्या मधल्या भागात मस्त घोरत होते. शेवट आला, सगळं चित्रपटगृह श्वास रोखून बसलेलं, सुई पडली तर दचकतील असं. बायकोने कोपर मारलं. तात्यांनी डोळे उघडले, तर समोर रेड्याएवढा आपला अंगठा! आणि हा माणूस खुर्चीवरून उठून, हात वर करून ओरडला, “माझा! तो माझा आहे!”

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले तर शेजारचा शिंपी गिऱ्हाइकाशी काहीतरी कुजबुजत होता. तात्यांना बघताच त्याने आवाज चढवला. “सरकार काय सुंदर काम करतंय हो!” गिऱ्हाईक म्हणालं, “वा वा, तोड नाही!” आणि माप न देताच गेलं. तात्यांना वाटलं, शिंप्याला ताप असेल. पुढे कोपऱ्यावर पानवाला. तोही तात्यांना बघून एकदम म्हणाला, “रस्ते कसे गुळगुळीत झालेत!” म्हणाला तेव्हा त्याचा एक पाय खड्ड्यात होता.

चार-दोन दिवसांत तात्या जिथून जात तिथून सरकारची स्तुती उगवायला लागली. तात्या मात्र साधे. बायकोला म्हणाले, “गल्लीला अचानक झालंय काय? जो तो खूश!”

बायको म्हणाली, “तुम्हाला खबऱ्या समजतायत, खबऱ्या! दिवसा कुलपं दुरुस्त करता आणि लोक नसताना घरं उघडून देता, असं बोलतात.”

“मी? अगं, मी तर ढकललंसुद्धा नाही!”

“हे जगाला कुठं माहीत? जगाला अंगठा दिसला. तोही तुम्ही ओरडून दाखवलात.”

एरवी दुकानापुढे लोकांची रीघ. कुणाची पेटी, कुणाचं सायकलीचं कुलूप, कुणाचा लहानगा न्हाणीघरात कडी लावून आत रडतोय. सगळं थांबलं. लोकांनी दारांना जादा कड्या लावल्या, अडसर लावले, नवी कुलपं बसवली, आणि सगळं दूरच्या लोखंडी सामानवाल्याकडून. तात्या पडद्याआड कानस घेऊन बसायचे आणि घासायला काही नाही म्हणून कानसच पुसून ठेवायचे.

तेवढ्यात जावयाचा निरोप. “मामा, ते जिन्याखालचं बीळ सोडा आता. आमच्या कारखान्याच्या फाटकावर जागा आहे. खुर्ची मिळेल, गणवेश मिळेल. गाडी आली की फाटक उघडायचं, एवढंच काम.”

तात्यांचा चेहराच उतरला. “म्हणजे दिवसभर दुसऱ्याची दारं ढकलायची?”

“महिनाअखेर दुकान नाही चाललं तर जावं लागेल,” बायको म्हणाली. ती चेष्टेने म्हणाली नव्हती, हे तात्यांना कळलं. जावयाच्या दारात, जावयाने दिलेल्या टोपीत, खुरासारख्या अंगठ्याने मोटारींना सलाम ठोकत म्हातारपण काढायचं! त्या दिवशी तात्यांना जेवण गेलं नाही.

आणि जखमेवर मीठ म्हणून एक पाहुणा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, कुठेही लक्षात राहणार नाही असा चेहरा. जिन्याखाली वाकून म्हणाला, “सिनेमात पाहिलं तुम्हाला. हात चांगला आहे. आमच्याकडे अशी कामं अधूनमधून निघतात.”

तात्या खुलले. बऱ्याच दिवसांनी गिऱ्हाईक! “बोला ना. कुलूप कसलं?”

“कसलंही. घरमालक तेव्हा घरी नसेल, एवढंच.”

“मग दार ढकलणार कोण?”

“तुम्हीच ढकला. किंवा आमची माणसं.”

तात्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कानस उचलली, परत ठेवली. “साहेब, मालकाला घेऊन या. तो म्हणेल तेव्हा तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो. मालक नसेल तर मला कुलूप दिसत नाही. डोळ्यांचा दोष आहे, बापापासून आहे.”

पाहुणा हसला. “विचार करा,” म्हणाला. निघताना जिन्याला डोकं आपटलं, तेव्हा मात्र त्याच्या तोंडून माणसासारखी शिवी निघाली.

तात्यांनी त्याला नाही म्हणून घालवलं होतं. पण शिंप्याला काय दिसलं? इस्त्रीचा शर्ट आत गेला, इस्त्रीचा शर्ट बाहेर आला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. त्यानंतर लोकांनी सरकारची स्तुती करणंही सोडलं. तात्या दिसले की जो तो नुसता आभाळाकडे बघायचा.

याच घराच्या दुसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई राहायच्या. शाळेतून कधीच्या निवृत्त झालेल्या, पण गल्लीतल्या प्रत्येक टाळक्यावर त्यांची पट्टी एकदा तरी बसलेली, तात्यांच्याही. एकट्या राहायच्या आणि कुणाला भ्यायच्या नाहीत. तो सिनेमा बघितला आणि भ्यायला लागल्या. दाराला तीन कड्या आणि नवीन कुलूप. रोज कपाचा कान कुठल्या दिशेला ठेवला हे लक्षात ठेवायच्या आणि सकाळी विसरायच्या. मग दिवसभर जिवाला घोर.

एका सकाळी बाईंनी कड्या काढल्या, आतून किल्ली फिरवली, आणि किल्ली कुलपातच मोडली. नवं कुलूप, पाणचट लोखंड. अर्धी किल्ली हातात, अर्धी आत. बाईंनी खिडकी उघडून हाक मारली. शिंपी वर बघून म्हणाला, “लोखंडवाल्याला बोलावतो!” लोखंडवाला म्हणाला, आम्ही कुलपं विकतो, उघडत नाही. दार फोडायचं म्हटलं तर ते नव्या अडसरांनी असं मढवलेलं की भिंत आधी पडली असती. राहिलं कोण?

शिंपी पडद्यापाशी आला. “सरकार फार... म्हणजे, तात्या, मोठ्या बाई अडकल्यात.”

तात्यांनी पिशवी उचलली. मागोमाग शिंपी, पानवाला, वरचे, खालचे, सगळे जिन्यात. तात्यांची बायकोही.

“कोण आहे?” आतून आवाज.

“मी, बाई. तुमचा विद्यार्थी.”

“माझे विद्यार्थी दोन पिढ्या भरतील, त्यातले निम्मे गुंड आहेत. नाव सांग!”

“कुलूपतात्या.”

आत पावलं मागे सरकली. मग बारीक आवाजात, “दुसरं कुणी मिळालं नाही का रे?”

शिंप्याने खाली बघितलं. तात्या गुडघ्यावर बसले, खुरात आकडा धरला आणि कान दाराला लावला. मोडका तुकडा पलीकडे टिणकन पडला. मग आकडा थोडा डावीकडे, थोडा वर... खट.

सवयीने तात्या उठले, दाराकडे पाठ केली आणि पायरीवर बसले.

आता नेहमी कसं, मालक बाहेर शेजारीच उभा असतो. तो पुढे होतो, दार ढकलतो. मालक आत आणि तात्या बाहेर, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, आणि तात्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. ते आपले बसले वाट बघत. जिन्यातली माणसं श्वास रोखून. आत बाई. कुलूप उघडलेलं. दार बंद.

आणि आतून अशी किंकाळी आली की पानवाला दोन पायऱ्या खाली घसरला.

“आलात का शेवटी! आत येऊ नका! माझ्या हातात छत्री आहे!”

“बाई, ओढा दार, उघडं आहे!” तात्या म्हणाले.

“तूच का नाही ढकलत?”

“मी ढकलत नाही.”

“बघा! बघा! सिनेमात अगदी असंच!” बाई रडकुंडीला आल्या. “कोण आहे तुझ्याबरोबर? मी खिडकीतून उडी टाकीन!”

पानवाला घाबरला. “ढकला की तात्या! म्हातारी हाय खाईल!”

बायको खालून ओरडली, “अहो, तो नेम ठेवा खुंटीला! ढकला!”

तात्या उठले. अंगठा दारावर टेकवला. एवढंसं बोट लावलं की झालं. बाई वाचल्या, गल्ली खूश. पण ढकलायचं तर मग इस्त्रीच्या शर्टाला कशाला नाही म्हटलं? फाटकाची टोपी तरी काय वाईट होती? आणि दार असं अचानक आत आलं तर त्या घाबरलेल्या म्हातारीचं काय होईल, हेही त्यांच्या मनात आलं. त्यांनी अंगठा काढला, परत पाठ फिरवली आणि बसले.

“बाई, ऐका. बाहेर काय आहे ते सांगतो. मी पायरीवर बसलोय, दाराकडे पाठ करून. माझ्या समोर शिंपी आहे, त्याच्या तोंडात टाचण्या आहेत, म्हणून तो गप्प आहे. पानवाला पडलाय, त्याला कुणी उठवत नाही. माझी बायको माझ्यावर डोळे वटारतेय. एवढेच आहोत.”

“आणि तो इस्त्रीवाला? परवा आला होता तो? शिंपी म्हणाला मला.”

“तो दार ढकला म्हणाला, घरात मालक नसताना. मी म्हटलं, मी ढकलत नाही.”

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

आतून शाळेतला आवाज आला. “तेर साते?”

“बाई, आत्ता?”

“तेर साते!”

तात्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, बोटं मोजली. “सत्त्याऐंशी.”

“तोच आहे!” बाई ओरडल्या, आणि दार धाडकन उघडलं. दारात बाई, केस विस्कटलेले, छत्री उगारलेली. “तेव्हाही सत्त्याऐंशीच म्हणायचास, गधड्या! मागे बघ!”

“नाही बघणार,” तात्या म्हणाले. “घर तुमचं आहे.”

बाई त्या पाठीकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, “म्हणजे सिनेमात दार उघडलं नाही, ते तू ढकललं नाहीस म्हणून?”

“हो.”

“मग तो एवढा वेळ बाहेर काय करत होता?”

“तो म्हणजे मीच की. पाठ करून उभा होतो. दाढीवाला शिव्या देत होता आणि माझी पाठ खाजत होती. हात तर दिव्यांपुढे कुलपावर तसाच धरायला लावलेला, खाजवणार कसा?”

आधी पानवाला हसला, पडल्या पडल्या. मग शिंपी. मग सगळा जिना असा हसला की तिसऱ्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांनी दार उघडून विचारलं, काय झालं? आणि बाई छत्रीचा आधार घेऊन, डोळे पुसत, उंबऱ्यावरच बसल्या.

पुढच्या आठवड्यात गल्ली पुन्हा तो सिनेमा बघायला गेली. शेवटी खट झालं, दार बंद, सगळीकडे मरणाची शांतता, आणि पुढच्या रांगेतून आवाज, “तात्या, खाजवा हो!” चित्रपटगृह फुटलं. दाढीवाल्याला कळलं तसा तो पाय आपटत आला. “सगळ्या शहरांत माणसं गप्प होऊन घरी जातात, आणि तुमच्या गल्लीत हसतात! वाट लावलीत तुम्ही माझ्या शेवटाची!” तात्यांनी त्याला चहा पाजला. निघताना तो म्हणाला, “तसं हसलेलं बरंच आहे म्हणा.” आणि डोकं आपटलं.

इस्त्रीचा शर्ट पुन्हा आला नाही. दुसऱ्या कुठल्या गल्लीत दुसरा कुणी कुलूपवाला त्याला मिळाला असेल. मिळाला नसेल असं मी म्हणणार नाही. छापखानेवाला अजून हवेवरच बोलतो. पण आता तात्यांच्या दुकानापुढे उभा राहून बोलतो.

दुकान मात्र असं भरलं की विचारू नका. जो तो म्हणे, तात्या, तेवढ्या जादा कड्या काढून द्या, आमच्याच आम्हाला बाहेर पडू देत नाहीत. जावयाचा पुन्हा निरोप आला, तर तात्यांनी कळवलं, गणवेश मापात बसायचा नाही, वाकायची सवय झाली आहे.

त्यांना भेटायला मी गेलो, तेव्हा शिंपी एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आलेला. तात्यांनी आकडा लावला. खट. आणि वळले भिंतीकडे.

“अहो, बघा की तात्या,” शिंपी म्हणाला, “आत नुसत्या चिंध्या आहेत.”

“असतील. तुझ्या आहेत,” तात्या म्हणाले. “उचल ती, मागे रांग आहे.” आणि त्यांनी कोरी किल्ली पकडीत आवळली आणि कानस ओढायला सुरुवात केली.